ताईचा प्लेअर आणि उचापतमावशी

दातांच्या कवळ्या बनवण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं; पण घरी आली की तेच हात स्वस्थ बसत नसत. भाचरांनी तिचं नाव उचापतमावशी ठेवलं होतं. थोरल्या बहिणीचं भिंतीवरचं घड्याळ तिने दुरुस्त केलं तेव्हापासून ते बंद होतं, आणि मिक्सर तर कायमचा मुका झाला होता. म्हणून ताईने आपला स्वस्तातला सीडी प्लेअर तिच्याकडे दिला तो बजावूनच.

"आवाज घोगरा येतो म्हणून देतेय. पण हा बिघडवलास, तर यापुढे माझ्या घरातला चमचासुद्धा तुझ्या हाती देणार नाही."

"अगं, भारीतले पार्ट घालते. नवा वाटेल बघ."

मावशीने जुने कपॅसिटर काढले, आवाज वाढवणारी चिप बदलली, कथील वितळवून बारीक डाख दिले. लावून पाहिलं तर व्हायोलिन कसं मोकळं वाजत होतं! तिचा जीव भांड्यात पडला. पण प्लेअर परत पोचवला आणि लगेच ताईचा फोन.

"होता तस्साच आहे गं. उलट जास्तच घोगरा."

ताईकडे जाताना बसमध्ये मावशीला सीटवर बसवेना. मनातल्या मनात तिने एकेक डाख पुन्हा तपासला. कुठला सुटला? की चिपच खोटी?

ताईकडे प्लेअर कपाटावर होता, कापूस भरलेल्या, झालर लावलेल्या निळ्या आवरणात. ताईच्या घरी फ्रिजच्या मुठीपासून रिमोटपर्यंत काहीच उघडं नसे. सगळं तिने हौसेने शिवलेलं. फक्त मावशीकडे प्लेअर दिला, तेव्हा त्याचं आवरण धुवायला टाकलेलं होतं.

मावशीने झालर वर केली. आवाज खुलला. खाली सोडली. आवाजाला पडसं झालं. वर. खाली.

"काय हा पोरखेळ!" ताई वैतागली.

'दोष माझा नाही, तुझ्या झालरीचा' हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पार्टांचं काय? कवळी बसवताना ती रंगीत कागद चावायला लावून, डाग उमटेल तेवढंच घासत असे; एका वेळी एकच बदल. इथे मात्र पार्ट आणि आवरण दोन्ही एकदमच बदललं होतं. आता खरं कळल्याशिवाय तिला चैन पडेना. डाख द्यायचं हत्यार पर्समध्ये होतंच, जुने पार्टही डबीत होते. ताईच्या जेवणाच्या टेबलावर तिने ते परत बसवले आणि आवरणाशिवाय ऐकलं. तेवढंच मोकळं. इयरफोन लावल्यावर मागची सुरसुर किंचित जास्त, एवढंच. त्या चिमुकल्या स्पीकरमधून तो फरक बाहेर येतच नव्हता.

तिने इयरफोन काढला. "ताई, प्लेअर आधीही चांगलाच होता. माझ्या पार्टांनी काडीचा फरक पडला नाही. आणि... हे तुझं आवरण आवाज दाबतंय."

ताई झालरीकडे बघत राहिली. "म्हणजे घोगरेपणा मी शिवला होता?"

"आणि मी त्याला डाख दिले."

ताईने हसू दाबत कात्री आणली, स्पीकरच्या जागी कचाकच दोन गोल कापले आणि आवरण सुईदोऱ्यासकट मावशीच्या मांडीवर टाकलं. "घे. काठ दुमडून दे. एवढं तरी न बिघडवता जमेल?"

मावशीने पहिला टाका घातला, दुसरा घातला. तिची नजर हळूच भिंतीकडे गेली.

"घड्याळाकडे बघू नकोस," ताई म्हणाली.