परवा नाही, म्हणजे तेरवा!

कालपासून लिहीन लिहीन म्हणतोय... दोन ओळी झाल्या की राग डोक्यात जातो आणि मी उठून चहाला जातो. आज रविवार, सकाळपासून चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या खोलीवर बसून आहे, तर आता लिहूनच टाकतो.

माझा फोन जुना आहे. काच कोपऱ्यात फुटलीय, बॅटरी दुपारीच मान टाकते. पण फोन लागतो, ऐकू येतं, फोटो निघतात... मग तो बदलायचा कधी हे मी ठरवणार ना?

नाही! गिंडीत मी ज्या कारखान्यात मशीनवर असतो, तिथली हजेरी ॲपवर. आत जाताना एकदा, सुटताना एकदा. सुटताना माझा फोन मेलेला, म्हणून रोज अर्धाच दिवस. सुपरवायझर म्हणाला, "नया फोन लो, नहीं तो काम पे मत आओ." रूममेट नीलेश तर म्हणतो, "दगड आहे तो. फेकून मार त्या सुपरवायझरलाच."

नोकरी माझी, हात माझे, आणि मी कामावर आलो की नाही हे बॅटरी ठरवणार? डोकंच फिरलं.

बुधवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं फोन उघडला, उलटसुलट बघितला. मी मनगटावर बोट आपटून विचारलं, कधी? तो फोनकडेच बघत म्हणाला, "परवाइल्ले, तंबी."

आता तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इल्ले म्हणजे नाही, एवढं तमिळ मला येतं. मग डोकं चालवलं... परवा इल्ले. परवा नाही. म्हणजे तेरवा! मी खुशीत अंगठा दाखवला आणि निघालो. तो मागून "तंबी! तंबी!" ओरडत होता. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत इथली...

मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार बिनाफोनचे. सुपरवायझरच्या नाकासमोर उभा राहून मी मशीनवर जॉब काढतोय, तो माझ्याच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खातोय, आणि ॲपमध्ये मी गैरहजर! "सिस्टम में नहीं दिखता," म्हणे. अरे, डोळ्यांना दिखतो ना? शुक्रवारी इतका चिडलो की खोलीवर न जाता अड्यार नदीच्या पुलावर जाऊन बसलो. तिथे बगळे फार छान दिसतात... असो.

घरी कळवायचं सुचलंच नाही. आईचा फोन एरवी रविवारीच येतो. आणि बाबा... मी सोलापूर सोडलं तेव्हा ते दारात उभं राहून म्हणाले होते, "जा कुठं जायचं ते. मला तुझी पर्वा नाही." तेव्हापासून त्यांचा एक फोन नाही.

शनिवारी संध्याकाळी दुकानात गेलो तर रिपेअरवाला माझ्यावरच उखडला. "आधा घंटा का काम, तंबी! किधर गया तुम? फोन बजता, बजता... मैं उठाया, बोला तंबी इल्ले. उधर से कोई बहुत चिल्लाया. मैं बोला, परवाइल्ले, परवाइल्ले!"

फोन हातात घेऊन बघितलं. आधी आईचा एक कॉल. त्याच्या वर बाबा, बाबा, बाबा... बोट दुखेपर्यंत बाबा.

उलट फोन केला तर त्यांचा लागेना. आईला लावला. ती आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग म्हणाली, "उद्या खोली सोडून कुठं भटकू नकोस." आणि ठेवून दिला.

रात्री घरमालकीण मामींपुढे त्या रिपेअरवाल्याच्या नावानं बोटं मोडली. मामी तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. पोट धरून हसल्या. "अरे तंबी, परवाइल्ले म्हणजे बरं आहे, चालेल, काळजी नको. पर्वा आपलीच ती... पुढं इल्ले लागली, एवढंच."

म्हणजे अख्ख्या चेन्नईत माझ्या फोनला "बरा आहे" म्हणणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्यावरच चिडत होतो.

तर ऐका सगळे. नवी बॅटरी दिवसभर पुरतेय, फोन बदलणार नाही. बुडालेल्या तीन दिवसांसाठी सोमवारी सुपरवायझरच्या टेबलापुढून हलणार नाही. राग आहेच... पण सकाळपासून डोक्यात एकच घोळतंय. बाबांच्या "पर्वा नाही"चा अर्थ तरी मला नीट लागला होता का?

एक मिनिट... मामी खालून हाका मारतायत. "तंबी, लवकर खाली ये रे! सोलापूरहून कोण आलंय बघ."

गॅलरीतून वाकून बघितलं. फाटकाशी, खांद्याला पिशवी अडकवून, चुरगळलेल्या शर्टात बाबा उभे आहेत... एकेक खिडकी बघतायत.