सोनपेठचं झेंडावंदन आणि माझा उजवा हात

सोनपेठला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मी गेलो तो साडूवर मात करायला. नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. बंद पुकारला की एसटी हलायची नाही, म्हणून प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या सकाळीच आम्ही नवरा-बायको पेडगावहून निघालो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, फौजेतून हवालदार होऊन परतलेला. तरुणपणी भरतीला मीही गेलो होतो. छाती अर्धा इंच कमी भरली आणि मी मास्तर झालो. एका वस्तीवरच्या शाळेत कवायत मीच घ्यायचो, झेंड्याला सलाम करायलाही पोरांना मीच शिकवायचो. तरी आमच्या घरात कौतुक दाजींचंच.

परभणीला बस बदलली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, नाहीतर गंगाखेडपर्यंत उभंच जावं लागलं असतं. गोदावरीच्या पुलावर बायकोनं हात जोडले आणि लगेच सुरू झाली, "दाजी झेंड्यापुढं उभे राह्यले की लय रुबाब दिसतो म्हणं. सारं गाव बघत ऱ्हातं."

मी नदीकडे बघत राहिलो. आठवडाभर मी आरशासमोर सलामाचा सराव केला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. उद्या तिच्या डोळ्यांदेखत दाजींपेक्षा कडक सलाम ठोकायचा, एवढंच डोक्यात होतं.

सव्वीसच्या सकाळी सोनपेठला कडाक्याची थंडी. मैदानात पुढच्या रांगेत चार माजी सैनिक होते, त्यांच्या शेजारी मी. एक धोतरात, एक पायजम्यात, एकाच्या अंगावर घरी विणलेला स्वेटर. साडू बोडका, पांढरा सदरा, पायात वहाणा. हे कसले सैनिक, असं मनात आलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

झेंडा वर गेला. मी टाच आपटून सलाम ठोकला. कोपराचा कोन अगदी बरोबर. मग हळूच शेजारी पाहिलं, तर चौघांपैकी एकाचाही हात वर नव्हता. सगळे सावधान. मुठी मांडीला चिकटलेल्या, नजर झेंड्यावर. साडूच्या उजव्या मनगटाची शीर तटतटली होती. तो हात उठू बघत होता आणि साडू त्याला खाली धरून होता.

मोठ्या माणसांत हात वर असलेला मी एकटाच. खाली घेतला तर हसू, ठेवला तरी हसू. राष्ट्रगीत एवढं लांब मला कधीच वाटलं नव्हतं. बायको बायकांच्या घोळक्यातून बघत होती, पण माझ्याकडे नाही.

जानेवारीत तिकडे गेलात तर हुरडा चुकवू नका. साडूच्या शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, वर लसणाची चटणी आणि गूळ. खाता खाता मी विचारलंच, "तुम्ही सलाम का नाही केला?"

"अंगावर वर्दी न्हाई, डोक्यावर टोपी न्हाई, मंग सलाम कशाचा? सावधान उभं राह्याचं. पहिल्याच महिन्यात शिकवलंय आमाला."

"हात उठत नाही?"

"उठतो की. लय उठतो. धरून ठेवावा लागतो." मग गरम हुरडा माझ्या तळहातावर ओतत म्हणाला, "तुमचं चालतंय, गुरुजी. तुमाला लेकरायला शिकवायचं ऱ्हातं."

ही समजूत मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबली. वर्दीचा हेवा जुनाच होता. आता त्या दाबून धरलेल्या हाताचा वाटू लागला. माझ्या हाताला काय आठवणार? आरसा आणि खडू.

दुसऱ्या दिवशी पेडगावला परतलो. पंधरा ऑगस्टला शाळेत पोरांनी नेहमीसारखा सलाम केला. मी मात्र मुठी आवळून सावधान उभा राहिलो. हात उठेल, धरून ठेवावा लागेल, म्हणून वाट पाहिली. तो निवांत लोंबत होता.

बायको कुंपणापाशी उभी होती. बायकोनं बघावं म्हणून मी इतकी वर्षं कवायत घेतली, पण तिनं टक लावून पाहिलं ते त्या दिवशी. घरी आल्यावर जिलेबी ताटात वाढत खुशीत म्हणाली, "आज लय रुबाबदार दिसलात. हुबेहूब दाजी."

मी आणखी एका जिलेबीसाठी ताट पुढे सरकवलं.