ट्रॉलीचे मागचे लाईट मीच जोडले

मैत्रिणींनो, आज आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागचे लाईट मी स्वतः जोडले!

गेल्या हिवाळ्यात डोंगरकड्याच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला मागून आमच्याच ट्रॉलीला धडकला. वाचला, पण पाय मोडला. "ताई, अंधारात ट्रॉली दिसलीच न्हाई," म्हणाला. ते मनातून जाईना.

आज वायरी जोडल्या, तर लाईट नुसते मिणमिणू लागले. आमचे हे म्हणाले, "मिस्त्री बोलवू का?"

"थांबा जरा."

अर्थिंगची वायर मी ट्रॉलीच्या लोखंडाला रंगावरच कसली होती, म्हणून करंट नीट जात नव्हता. रंग खरवडून पुन्हा कसली, ट्रॅक्टरवर चढून ब्रेक दाबला. मागून आवाज आला, "पेटले गं! दोन्ही बराबर पेटले!"

मग हे चालत पार रस्त्यापर्यंत गेले अन् ओरडले, "इथूनबी दिसून राहिले!"

तुमच्या ट्रॉलीला लाईट हायेत का? नसतील तर सांगा, मी येते.