उशिरा येणारं हसू

दिवाळी पाडव्याची संध्याकाळ. ठरलेली रक्कम पंधराशे रुपये, पैकी पाचशे आगाऊ दिलेले. हजर तिघं: आई, बायको आणि मी. रक्कम एका जुन्या कॅसेटची खरखर काढण्याची होती.

कॅसेट एका संगीत प्रहसनाची. नवरदेव दोन, नवरी एकच, आणि मधेमधे गाणी. एके काळी ज्यांच्याकडे टेप होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे ती असायची. आमच्याकडे तिची किंमत वेगळी होती. ते ध्वनिमुद्रण पनवेलातल्याच एका प्रयोगात झालं होतं आणि त्या प्रयोगाला वडील बसले होते.

वडिलांना विनोद उशिरा कळायचा. दुसऱ्या अंकात नवरदेव घाईत सासऱ्यालाच हार घालतो. सासरा म्हणतो, "जावईबापू, मुलगी पलीकडे उभी आहे!" सगळे प्रेक्षक हसून गप्प होतात आणि मग एकच माणूस एकटा हसू लागतो. ते वडील.

"आले," आई दर वेळी म्हणायची. "लग्नातसुद्धा मुहूर्त टळल्यावरच आले होते."

वडील असताना पाडव्याला आई त्यांना ओवाळायची आणि ते तबकात एकावन्न रुपये टाकायचे. महागाई वाढली, आकडा वाढला नाही. ते गेल्यापासून ती निरांजनाचं तबक घेऊन टेपजवळ बसते. ते हसू आलं की तबक जरा वर उचलते. ओवाळत नाही. आम्ही यावर घरात कधी बोललो नाही.

अलीकडे कॅसेटचा आवाज रडका येऊ लागला, म्हणून ती कामोठ्यातल्या एका दुकानात दिली. तिथे लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देतात.

पाडव्याला पेनड्राइव्ह लावला. गाणी काचेसारखी स्वच्छ. मग पहिला विनोद आला आणि त्यामागे काहीच आलं नाही. नट वाक्य टाकून थांबत होते, कुणाचं तरी हसू संपण्याची वाट पाहत होते आणि मग पुढे बोलत होते. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक चाललं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सासरा म्हणाला, "मुलगी पलीकडे उभी आहे!" नट थांबले. आईच्या हातातलं तबक तसंच राहिलं.

"आज नाही आले?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज असूनही दुकान उघडं होतं.

"काका, पब्लिकचा आवाज काढला, तेच तर मेन काम होतं!" दुकानदार म्हणाला. "त्यातच सगळा टाइम गेला."

"मग मूळ कॅसेट द्या."

"ती शेवटी तुटली. पण काढलेला आवाज वेगळा ठेवलाय. ऐकता?"

त्याने तो लावला. नुसते प्रेक्षक. शांतता, हशा, पुन्हा शांतता. कशाला हसतायत, ते कुठेच नाही. त्यांतले किती जण आज असतील, हा हिशेब माझ्या मनात सुरू झाला, तो मी थांबवला. मग ते एकटं हसू आलं.

"दोन्ही जोडून देतो, दहा मिनिटांचं काम," तो म्हणाला. मी आधी घरी फोन लावला.

"जोडू नको," आई म्हणाली. "नाटक पाठ आहे मला. तू माणसं तेवढी घेऊन ये."

त्या संध्याकाळी मी नुसत्या प्रेक्षकांचा आवाज लावला आणि तिने दुसरा अंक म्हणायला घेतला. आता तिला बोलायला वेळ लागतो. तिचं वाक्य पुरं होण्याआधीच प्रेक्षक हसून मोकळे होत होते आणि ती मागून म्हणत राहिली. हाराच्या जागीही तेच झालं. सगळे हसून गप्प झाले, तेव्हा ती "जावईबापू" पर्यंतच पोचली होती. तिने न घाबरता वाक्य पुरं केलं.

आणि तिच्या शेवटच्या शब्दाला लागून वडील हसले. अगदी वेळेवर.

तिने तबक उचललं आणि या वेळी ओवाळलं.

दुकानदाराला उरलेले हजार मी काही न कापता दिले होते. तबकात एकावन्न टाकले, ते आईला, वडिलांकडून.