गोठ्यातलं धोंडे जेवण

आमच्या पणदरे गावात पाहुणे यायचे म्हटलं की घराघरांत आधी बाटल्या निघतात. फिनेलची, ॲसिडची, फरशी चकाकवायच्या निळ्या पाण्याची, आणि संडासात टांगायची ती गुलाबाच्या वासाची वडी. येणारी बाई उंबऱ्यात पाय ठेवते, नाक वर करते आणि म्हणते, "काय बाई घर ठिवलंय, फिनेलचा वास येतोय नुसता." हे कौतुक असतं. स्वच्छतेला वास असावा लागतो हे कुणी ठरवलं कोण जाणे. मीही वीस-बावीस वर्षं तेच मानलं आणि त्या कौतुकावर फुगून फिरले. आता ते आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

एका दिवाळीत लेक आणि नात इंदापूरहून यायच्या होत्या. इंदापूर लेकीचं सासर. नात तेव्हा सव्वा वर्षाची, धडपडत चालायला लागलेली, खाली पडलेलं सगळं तोंडात घालणारी. मी बाथरूम घासायला ॲसिड ओतलं, डाग निघेनात म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकली. असा काही वाफारा उठला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी खोकत भिंत धरून बाहेर आले. तरी शहाणपण सुचलं नाही. पुन्हा आत जाऊन सगळं घर दुप्पट फिनेल टाकून पुसून काढलं. लेक आली, नात त्या फरशीवर दुपारभर खेळली, आणि चहाच्या वेळेला तिची छाती घरघरायला लागली. श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडत होते. बारामतीला मुलांच्या दवाखान्यात तीन दिवस काढले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, घरात काय काय वापरता?" मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. कागद भरत आला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हिची छाती नाजूक आहे. पुन्हा असं झालं तर वेळेवर दवाखाना मिळेलच असं नाही. असल्या वासांपासून हिला लांब ठेवा."

घरी आल्यावर मी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. डासांची कॉइल बंद, स्प्रे बंद, फिनेल बंद, उदबत्तीसुद्धा बंद. सासूबाईंच्या वेळेपासून धुपाचा रिवाज होता, तोही मोडून काढला, कारण धूर तो धूर, देवाचा असला म्हणून छातीत फुलं उमलत नाहीत. फरशी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पुसायची. बेसिनला लिंबू-मीठ. नळांवरचे पांढरे डाग आंबट ताकाने निघतात, जरा वेळ लागतो एवढंच. झुरळांसाठी फडताळं रिकामी करून उकळतं पाणी, मोरीच्या जाळीवर झाकण, आणि रात्री खरकटं भांडं ठेवायचं नाही. डासांना जाळी. गावातल्या बायका म्हणाल्या, हिचं घर आता कसंतरीच वाटतं, वासच येत नाही. म्हटलं, नाक घरी ठेवून येत जा.

तरीही नात इंदापुरात अधूनमधून आजारी पडायचीच. दर वेळी लेकीचा फोन यायचा, "आई, पुन्हा वाफ द्यायला न्यावं लागलं." मी उसाच्या फडात पेटवतात त्या पाचटाला शिव्या द्यायचे, कारखान्याच्या काजळीला द्यायचे, जावयांच्या गाडीतल्या एसीला द्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येतो हा अधिक महिना, आणि त्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला सपत्नीक बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट द्यायचं, कपडे करायचे. अनारसे मी आठवडाभर आधीच करून पत्र्याच्या डब्यात भरले होते. घर तीन दिवस माझ्या पद्धतीने धुतलं. आदल्या दिवशी पुरण शिजवून, वाटून, पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलं. दीड किलो डाळीचं पुरण. हात भरून आले होते, पण मन निवांत होतं.

त्या सकाळी मी गोठ्यात धारा काढल्या आणि दूध घेऊन डेअरीत गेले. तिथे रांग होती. परत यायला तास-सव्वा तास लागला असेल. गाडी लावली आणि अंगणातच तो वास आला. औषध मारलेल्या उसाच्या फडातून चालताना येतो तो. कडवट, गोडसर, घशात बसणारा. घराची दारं-खिडक्या बंद. पायरीवर फवारणीचा, पाठीवरचा बॅटरीचा पंप उभा, नळीतून थेंब गळतोय, आणि नवरा नळावर हात धुतोय.

"काय केलंत?"

"काय न्हाय. राती मोरीतनं एक झुरळ निघालं. म्हटलं जावई जेवायला बसलं आन् ताटाजवळनं झुरळ गेलं तर काय इज्जत ऱ्हाईल? उसाच्या खोडकिडीचं औषध उरलं हुतं बाटलीत. थोडंच टाकलं. आता दोन तास दारं लावून ठिवायची, मग उघडली की वास जातो."

"फिनेल बंद, कॉइल बंद, आणि हे चालतं?"

"ते तू फिनेल म्हनलीस. हे शेतातलं हाय."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. उसाच्या फडात हेच औषध मारताना हा तोंडाला उपरणं गुंडाळतो, वाऱ्याची दिशा बघतो, घरी आल्यावर आधी आंघोळ करतो. बाटलीवरचा विषाचा पिवळा त्रिकोण गड्याला दाखवून सांगतो, "लेका, हात धुतल्याबिगर तमाखू मळू नगंस." सगळं कळतं. फक्त उंबरा ओलांडून घरात आला की कळायचं बंद होतं.

तोंडाला ओला पदर बांधून मी आत घुसले आणि दारं-खिडक्या उघडल्या. भिंतींच्या कडांना ओले पट्टे होते. सोफ्याखाली, कॉटखाली, नात जिथे चेंडू शोधायला आडवी होते तिथे नेमकं. ओट्यावर पुरणाचं पातेलं होतं, वरचं फडकं थेंबाथेंबांनी भिजलेलं. पातेलं उचलून बाहेर आणलं आणि उकिरड्याकडे निघाले.

नवरा मागून धावला. "आगं, फेकतीस कुठं येवढं पुरान? गाईला तरी घाल."

मी थांबले. तोही थांबला. मग त्याने स्वतःच पातेल्याला हात घातला.

"न्हाय, गाईला नगं. दुधात उतरलं तर डेअरी दूध परत करंल. आन् जनावराला काय झालं म्हंजी?"

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी चिडले नव्हते. गाईला चालत नाही! गोठ्यात गोचिडांचं औषध मारायचं तरी हा माणूस जनावरांच्या डॉक्टरला तीन-तीन फोन करतो, गाई बाहेर बांधतो, गव्हाण धुतल्याशिवाय वैरण टाकत नाही. आणि जिथे पोर जमिनीला नाक लावून खेळणार तिथे पंप मारून हा हात धुऊन मोकळा. मी गल्ली ऐकेल अशा आवाजात बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणाले, "तुमच्या गाईला जेवढं जपता तेवढं नातीला जपा, जास्त नको मागत मी." त्याने मान खाली घातली. पण मान खाली घातल्याने भिंती धुऊन निघत नाहीत.

मग मी ठरवलं. विष्णू आज गोठ्यात जेवतील.

दोन्ही गाई लिंबाखाली बांधल्या. गोठ्याचा कोबा नवऱ्याकडून पाण्याने धुऊन घेतला, दोनदा. शेजारच्या चाचींकडून, ज्यांचं वेशीवर किराण्याचं दुकान आहे, हरभऱ्याची डाळ, कुकर, परात, ताटं सगळं आणलं. आमच्या घरातल्या कुठल्याच भांड्यावर माझा भरवसा उरला नव्हता. चाचींनी काय झालं ते ऐकलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पुरण वाटायला येऊन बसल्या. गॅसची शेगडी गोठ्याच्या दारात मांडली. अनारशांचा डबा मात्र पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, कपाटात होता म्हणून वाचला.

बाराच्या सुमाराला गाडी आली. लेक उतरली, तिच्या कडेवर नात. जावई पांढऱ्या कपड्यांत. ते सरळ घराच्या पायरीकडे निघाले तशी मी आडवी आले.

"जावईबापू, आज हिकडं. गोठ्यात."

ते हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी काहीही झाकलं नाही. घरात उसाचं औषध मारलंय, कुणी मारलंय, कशासाठी मारलंय, सगळं सांगितलं. नवरा जवळच उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जावयासमोर सासऱ्याची अशी अब्रू काढायची नसते, मला माहीत आहे. त्या दिवशी मला त्याची जराही फिकीर नव्हती.

जावई माणूस तसे चांगले. कपाळाला आठ्या पडल्या, पण पाटावर बसले. मी ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं. पानात धोंडे, वर तूप, कटाची आमटी, भजी, कुरडई. लिंबाखालून गाय मान वळवून बघत होती. नात माझ्या मांडीवर बसून भजं चोखत होती. श्वास अगदी मोकळा. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तो तपासत होते, सवयच लागली होती तशी. मला वाटलं, जिंकलं आपण.

दुसरा धोंडा संपवून जावई जरा खुलले. सासऱ्याची पडलेली बाजू सावरावी असं त्यांच्या मनात आलं असेल.

"मामी, तुमी मामांवर उगंच येवढ्या तापला. आमच्याकडं तर दर पंधरा दिवसाला औषध मारनं आस्तंय. आमच्या घरात एक झुरळ दाखवा तुमी, एक! पावनंरावळं सारखं आस्त्यात, तर ही आधीच पंप मारून मोकळी. आईचं गुडघं दुखत्यात, मला येळ न्हाय, तर ही एकटी सगळं घर मारती. आई सगळ्यांना सांगती, सून लई स्वच्छ मिळाली म्हणून."

लेकीचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तिला हात धुवायला म्हणून नळावर नेलं. नात माझ्या कडेवरच होती. विचारलं, "खरं हाय हे?"

"व्हय."

"आणि हिला बाधतं हे माहीत असून?"

"मी हिला घेऊन गच्चीवर जाते ना गं, दिवसभर." मग तिचा आवाज चढला. "आणि माझ्यावर कशाला डोळे काढतीस? पाहुणे यायच्या आधी घर उग्र घाण मारेपर्यंत धुवायचं, हे मला कुणी शिकवलं? लग्नाच्या आधी दर सणाला माझ्या हातात फिनेलची बाटली कोण द्यायचं? तिथं जाऊन मी सासूला सांगू, की माझी आई बदलली, आता तुमी पण बदला?"

सकाळपासून ज्याच्यावर ओरडत होते तो माणूस गोठ्याच्या दारात खरकटी ताटं गोळा करत होता. त्याच्यावर ओरडणं किती सोपं होतं. इतके महिने मी पाचटाला, काजळीला, एसीला शिव्या घातल्या, आणि पोरीच्या छातीत ते सगळं माझ्याच लेकीच्या हाताने जात होतं, मी दिलेल्या वळणाने. मला तिचाही राग आला, तिच्या सासूचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. तो गिळायला जागा नव्हती.

चार वाजता ते निघाले. जावयांनी गाडी सुरू केली आणि नातीसाठी हात पुढे केले. मी तिला दिली नाही.

"मामी, पोरगी द्या की."

"न्हाय देत. आधी घर धुवा तुमचं. भिंती, कॉटखालचं, सगळं. अंथरुणं उन्हात घाला. तो पंप घराबाहेर काढा. मी स्वतः येऊन बघेन, मगच पोर तुमची."

"आवं, आई काय म्हनंल? लोक काय म्हनतील?"

"जे म्हणायचं ते म्हणू द्या."

नवरा पुढे आला, मला वाटलं आता समजूत घालेल. तो जावयांना एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पोरीला हितं. मी अंगणात खाट टाकतो."

लेक गाडीतून उतरली. मला वाटलं तीही थांबतेय, आणि मी मनातल्या मनात तिची अंथरुणं-पांघरुणंसुद्धा काढली. तिने मागच्या सीटवरची पिशवी उघडली, नातीच्या श्वासाच्या औषधाचा इनहेलर आणि त्याला लावायचा लहानसा निळा मास्क माझ्या हातात दिला. "दम लागला तर दोनदा दाबायचं. नाकातोंडावर नीट बसव, रडली तरी सोडू नकोस."

"तू थांब ना," मी म्हणाले.

"मग धुणार कोण, आई?"

ती पुन्हा गाडीत बसली आणि काच वर केली.