गॅसघरातली जागा

उद्याचं सगळं जग हायड्रोजनवर चालणार, याची नाशिकमध्ये फक्त आमच्या शेजारच्या काकांना खात्री होती, आणि त्या जगात कोणाला कुठली नोकरी द्यायची हेही त्यांनी नव्वदच्या दशकातच ठरवून टाकलं होतं. ते मूळचे मनमाडचे. सातपूरला वनस्पती तुपाच्या एका कारखान्यात गॅसघर सांभाळायचे. तिथे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढत आणि तो तेलात सोडून तूप घट्ट करत. पण तूप हा काकांच्या लेखी किरकोळ प्रकार होता. "गाड्या धावतील यावर. यंत्रं येतील परदेशातून, माणसं कुठून आणणार?" असं म्हणत ते गल्लीकडे बघायचे. समोरच्या शिवणकामवाल्या मावशींचा हात स्थिर, म्हणून त्या वेल्डिंगला. कुलूप तीनदा ओढून बघणारे आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघणारे बँकेतले गृहस्थ थेट सुरक्षा विभागात. काकू विचारायच्या, "अहो, आणि मी?"

"तू कॉम्प्रेसरवर. तुला दुसऱ्या खोलीतून कळतं, कुकरचं काय बिनसलंय ते."

"पंख्याचंही कळतं. तो आधी नीट करा."

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योतही दिसत नाही. म्हणून काका गॅसघरात केरसुणी पुढे धरून चालायचे; तिचं टोक पेटलं की समजायचं, पुढे आग आहे. केरसुणी खडखडीत कोरडी हवी, म्हणून एका वर्षी लक्ष्मीपूजनाला काकूंनी हळदकुंकू वाहिलेली नवी केरसुणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गेली. "लक्ष्मी कामाला लागली, बिघडलं काय?" काका म्हणाले. त्या वर्षी पाडव्याचं ओवाळणं पार संध्याकाळवर गेलं.

माझ्या न बोलण्याची घरी सगळ्यांना काळजी होती. काकांना तेच आवडायचं. "ही बघते. गळती शोधायला अशीच माणसं लागतात." मी इंग्रजी शाळेतली, म्हणून रविवारी ते कॉम्प्रेसरचं इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन यायचे आणि मी वाचून अडखळत मराठीत सांगायचे. हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, हे वाक्य मी मोठ्या कष्टाने पूर्ण केलं, तेव्हा ते म्हणाले, "असं लिहिलंय होय? मला बोल्ट हातात घेतला की कळतं." शब्द माझ्याकडे होते, बाकी सगळं त्यांच्याकडे.

माझी रसायनशास्त्राची पदवी झाल्यावर त्यांनी मला एकदा गॅसघर दाखवलं. पाइपाच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून मी लगेच म्हणाले, "नाही गळत." "थांब जरा," ते म्हणाले. थोड्या वेळाने मोहरीएवढा बुडबुडा आला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम आपलं वाटलं.

परतताना बसस्टॉपवर त्यांनी विचारलं, "दोन महिन्यांत मी रिटायर होतोय. साहेबांशी बोलू? माझ्या जागी येशील? नाहीतर हे सगळं माझ्याबरोबरच जायचं, बाळा."

मला हो म्हणायचं होतं. पण पर्समध्ये पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीचं पत्र होतं आणि घरी सगळं ठरलं होतं. मी काहीच बोलले नाही. काकांना वाटलं, मी विचार करतेय. त्या दोन महिन्यांत साहेबांनी दाखवलेला एकही माणूस त्यांनी शिकवायला घेतला नाही. मी पुण्याला निघाले तेसुद्धा त्यांना न भेटता.

काका निवृत्त झाल्यावर ते काम शिकलेला माणूसच उरला नाही, म्हणून गॅसघर बंद झालं. कारखाना बाहेरून सिलिंडर मागवू लागला. काकूंनी हे फोनवर सांगितलं, जराही राग न धरता. मी चाचरत विचारलं, "काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? कोणी तुझा विषय काढला की सांगतात, पोरगी नाही म्हणाली नव्हती."

ते खरंच आहे. हो मात्र मी पुण्यात आल्यापासून मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं आहे. त्यांना जरा फोनवर बोलवा, एवढं काकूंना सांगायचं त्या दिवशीही जमलं नाही.