स्लॅबवरची खाचरं

जव्हारला भाड्याच्या खोलीत आम्ही अकरा वर्षं काढली. मी शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी कचेरीत लिपिक. सकाळी तासभर नळाला पाणी यायचं आणि तेवढ्या वेळात मी पिंप, बादल्या, कळश्या, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. घरमालकीण दारातून जाताना त्या भरलेल्या भांड्यांकडे एकदा बघायची आणि मग माझ्याकडे. तिच्या त्या बघण्यालाच कंटाळून मी एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "आता आपलं घर बांधू या. कुठेही, पण आपलं."

कुठेही म्हणजे मोखाड्याच्या बाजूला, त्याच्या पाड्यावर, हे त्याने गृहीतच धरलं. सासू-सासरे गेल्यावर त्यांची जागा मोकळीच होती. माझं माहेरही वांगणीच्या बाजूच्या एका पाड्यावरचं, त्यामुळे पाडा मला नवा नव्हता. नवा होता तो स्लॅब. आम्ही दोघंही कुडाच्या घरात वाढलो. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा गिलावा. अशा भिंतीला लिंपताना काय ते पाणी लागतं, नंतर तिला पाण्यापासून जपावंच लागतं. काँक्रीटचं नेमकं उलटं असतं, ते ओतल्यावर त्याची खरी तहान सुरू होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही कोणाला विचारलंही नाही. शिकलेल्या माणसांना विचारायची लाज वाटते. आमच्या पाड्यावर तोवर कोणाच्याच डोक्यावर स्लॅब नव्हता, त्यामुळे शेजाऱ्यांनी सावध करायचाही प्रश्न नव्हता.

पाया आणि भिंती थंडीत झाल्या. तेव्हा खालच्या ओहोळात पाणी होतं. स्लॅब मात्र मे महिन्यात टाकायचं ठरलं. का, तर शाळेला सुट्टी. माझी सुट्टी, त्याची शिल्लक रजा, दोघंही तिथेच खोपट उभारून राहू, देखरेख होईल. कॅलेंडर पुढ्यात घेऊन आम्ही मोठ्या ऐटीत तारीख काढली. मे महिन्यात आपल्या पाड्याची विहीर कशी असते, हे त्या विहिरीचं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या माणसाला आठवलं नाही, आणि तसल्याच दुसऱ्या विहिरीवर लहानपणी हंडा घेऊन रांगेत बसलेल्या मलाही आठवलं नाही. अकरा वर्षांच्या नळाने आमच्या डोक्याचं असं वाटोळं केलं होतं.

स्लॅबच्या दिवशी खासगी टँकर आला. काम झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी वर चढला आणि त्याने वाळू-सिमेंटचे बोटभर उंचीचे बांध घालून सगळ्या स्लॅबचे चौकोन पाडले. उरलेलं पाणी त्या चौकोनांत सोडलं आणि खाली उतरून मला म्हणाला, "मॅडम, हे सुकू द्यायचं नाही. एकवीस दिवस. निदान चौदा तरी."

"एकवीस दिवस पाणी?"

"सुकला तर तडे जातील. मग पावसाळ्यात घरात छत्री घेऊन बसा."

टँकर दर तीन दिवसांनी येणार असं ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याचा फोन आला की सगळ्या गाड्या गावागावांतल्या पिण्याच्या पाण्यावर लागल्यात, आता पाऊस पडेपर्यंत जमायचं नाही. ते योग्यच होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. भांडायला जागा नसली की मला फार त्रास होतो. आमच्या विहिरीला अजून थोडा झरा होता, म्हणून पाड्याला सरकारी टँकरही सुरू झालेला नव्हता. त्या झऱ्यावर पाड्याचा नियम होता, घरटी दोन हंडे. विहिरीत उतरायचं, वाटीवाटीने पाणी भरायचं, दोन हंडे झाले की दुसरीला जागा द्यायची. हा नियम कोणी लिहून लावलेला नव्हता आणि तो मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी शिडीवरून वर गेले तर सगळे चौकोन कोरडे पडलेले आणि एका बाजूला केसाएवढ्या बारीक रेघा दिसायला लागलेल्या. नवरा जव्हारला खिडक्यांच्या जाळ्या आणायला गेला होता. मी हंडा उचलला आणि विहिरीवर गेले. दुपारची वेळ, बायका घरात. सकाळपासून झिरपलेलं पाणी तळाला साचलं होतं. आमचे दोन हंडे सकाळीच झाले होते. मी तिसरा भरला, वर नेऊन ओतला, तर तापलेल्या स्लॅबने तो बघता बघता पिऊन टाकला. चौथा भरला. पाचव्याला तळाशी गाळच हाताला लागला, तरी तो खरवडून भरला आणि वर आले, तर विहिरीच्या कठड्याशी काकी बसलेली.

काकी म्हणजे माझी चुलत सासू. एकटी राहते. गुडघे गेलेत, म्हणून बायकांची गर्दी सरल्यावर दुपारी सावकाश येते. तिचा दिवसाचा पहिला हंडा अजून भरायचा होता. तिने माझ्या हंड्याकडे पाहिलं, मग विहिरीच्या तळाकडे. मी माझा हंडा तिच्यापुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला.

"कुठं नेतेस इतका पानी?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले, हीच त्या दिवसातली माझी एक बरी गोष्ट. मी सगळं सांगितलं, स्लॅब, टँकर, रेघा, एकवीस दिवस.

"घर पानी पिता कां, बाय?" तिने अगदी खरं विचारावं तसं विचारलं. मी मान डोलावली. "व्यालेली गाय पन इतका नाय पीत," ती म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी विहिरीत उतरली. मी तिथेच उभी राहिले. वाटी गाळावर घासल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. ती वर आली तेव्हा हंडा अर्धा होता आणि त्यातलं पाणी लाल. तो काखेला लावून ती घरी गेली.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने जेवण उरकलं. मग म्हणाला, "काकीच्या हंड्यातलं पाणी तू सिमेंटवर ओतलंस."

"मग काय करू? तडे जाऊ देऊ?"

"जाऊ दे. गेले तर जाऊ दे. उद्यापासून विहिरीचा एक थेंब वर चढणार नाही."

मी खूप भांडले. अकरा वर्षांचं सगळं काढलं, घरमालकीण काढली, त्याचं कॅलेंडर काढलं. तो आणलेल्या जाळ्या मोजत बसला आणि त्यामुळेच मला रडू फुटलं. घर हवं होतं ते कोणाच्या डोळ्यांखाली राहायला लागू नये म्हणून. आता अख्ख्या पाड्याच्या डोळ्यांखाली राहायची वेळ मीच आणली होती, आणि तेही गळक्या घरात. सकाळी घरोघर जाऊन चूक कबूल करायची, एवढंच त्या रात्री ठरलं.

सकाळी आम्ही निघायच्या आधीच काकी आली. तिच्यामागे सात-आठ बायका. कोणाच्या हातात पातेलं, कोणाच्या तांब्या, एकीच्या हातात कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं. काकीने गवंड्याला हाक मारली.

"तांदूळ धुतलेला पानी चालल कां तुज्या सिलापाला?"

गवंडी विटांच्या ढिगावर बसून चहा पीत होता. त्याने जरा विचार केला. "चालेल. साबण नको, सोडा नको, मीठ नको. बाकी काहीही चालेल."

मी काकीजवळ गेले आणि पाठ केलेलं वाक्य बोलायला लागले. तिने ते अर्ध्यावर तोडलं. "तू लपून नेलास त्याचा राग हाय मना. सांगायचा होता. पन घराचा काय चुकला?"

मग बायका एकेक करत शिडीने वर चढल्या. गवंड्याचे ते चौकोन पाहून एकजण हसत सुटली. "अगो, ही त खाचरा." आमच्याकडे भातशेतीचा छोटा, बांध घातलेला तुकडा असतो त्याला खाचर म्हणतात, आणि स्लॅब खरंच तसाच दिसत होता. खाचरं म्हटल्यावर पुढचं सगळं त्यांना आपोआप कळलं. मला काही सांगावंच लागलं नाही. खाचरं वाटून घेतली गेली, हे तुझं, ते माझं, त्या कडेचं दोघींत. कोणीतरी भाताचा पेंढा आणून पसरायला सांगितलं, म्हणजे उन्हाने पाणी उडणार नाही. गवंडी खाली उभा राहून मान डोलावत होता, जणू ही युक्ती त्यानेच शिकवली. काकीने पूर्वेकडचा कोपरा घेतला. स्वयंपाकघराच्या वरचं एक खाचर उरलं, ते आमचं.

पुढचे सतरा दिवस मी जन्मभर विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ शिडीवर वर्दळ. तांदूळ धुतलेलं पांढरट पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हंड्याच्या तळाशी बसलेला गाळ, घमेल्यात उभं राहून केलेल्या अंघोळीचं पाणी. हो, तेही. साबण चालत नाही म्हटल्यावर आमच्या घरापायी अख्खा पाडा सतरा दिवस बिनसाबणाचा न्हाला. एक गृहस्थ मुंबईला कामावरून सुट्टीत आले होते, ते मला रोज अंग खाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आपके लिए." विहिरीचा नियम तोच राहिला, घरटी दोन हंडे. पिणं, रांधणं झाल्यावर जे उरायचं ते आमच्या छपरावर यायचं. उरायचं किती, हे मला ठाऊक होतं. त्या पाण्याने नागलीच्या भाकरीचं पीठ भिजवता आलं असतं, गुरांना पाजता आलं असतं. ते मुकाट्याने आमच्या डोक्यावर ओतलं गेलं.

मी तशी आभार मानणारी बाई नाही. शाळेतही मुलांना "थँक्यू म्हणा" असं सांगायला मला कसंसंच वाटतं. पण त्या दिवसांत शिडीखाली उभी राहून एकेकीचं भांडं वर पोचवताना मी उगाच कोणालातरी पेंढ्यावरून ओरडायची.

नवऱ्याचा जीव काकीच्या कोपऱ्यात अडकला होता. तिच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती, आणि खाचरात ओतायला रोज अर्धा हंडा तिने कुठून वाचवायचा? म्हणून तो आमच्या वाट्याचं पाणी गुपचूप तिच्या खाचरात ओतायचा. काकी रोज वर आली की पेंढ्याखाली बोट घालून बघायची. तिसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावलं.

"काल मी इतका नाय ओतला."

"थोडं मीच टाकलं, काकी. तुला चढायला त्रास होतो."

"मी मागितला?" शिडीखालच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. "माझा खाचर मी भरीन. तुला तुझा दिला हाय."

चाळिशी उलटलेला माझा नवरा कान धरल्यासारखा खाली उतरला. त्याने पुन्हा तिच्या खाचराला हात लावला नाही. मी लावला. ती खाली उतरली की मी वर जायची, तांब्याभर, दोन तांबे, तिच्या बोटाला कळणार नाही एवढंच. माझ्यामुळे तिने गाळ प्यायला होता. ते माझ्या मनातून जात नव्हतं, आणि असं काही मनात असलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. आमच्या खाचरात त्या दिवसांत काय पडायचं म्हणाल तर चहाची भांडी विसळलेलं पाणी, तेही आठवलं तर.

एकविसाव्या दिवशी पेंढा काढला. जूनमध्ये गिलावा झाला, सामान आलं, आम्ही राहायला आलो. शाळा सुरू झाली तरी जव्हारला रोज ये-जा करायची मला मुळीच तक्रार नव्हती.

जुलैत आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. नऊ दिवस सलग कोसळला. पहिले दोन दिवस मी छताकडे बघत घरभर फिरत होते, भिंतीच्या कडा चाचपत होते, हाताला कुठे ओल लागते का ते बघत होते. बाहेरची खोली कोरडी. आतली कोरडी. पूर्वेचा कोपरा, काकीचा, खडखडीत कोरडा. जिथे मी त्या दुपारी केसाएवढ्या रेघा पाहिल्या होत्या तिथेही काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी शेगडीशी उभी होते तर मानेवर थेंब पडला. वर पाहिलं. बरोबर स्वयंपाकघराच्या मधोमध, आमच्या खाचराच्या खाली, ओलीचा गोल डाग आणि त्यातून टप टप.

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मी त्याला सांगितलं की आमचं पाणी मी कुठे ओतत होते. तो हसायला लागला आणि थांबेचना, मग मीही हसले, आणि हसता हसता मला पुन्हा रडू आलं. इतक्या माणसांनी हातचं राखून न ठेवता दिलं होतं आणि त्यांनी भरलेला एक कोपराही गळत नव्हता.

दुपारी काकी आली. इरलं दाराशी झटकून ठेवलं, गुडघे धरत आत आली, खाली ठेवलेल्या पातेल्यात पडणारा थेंब पाहिला आणि मान वर केली. बोटाने तिने खाचरं मोजत नेली, तिचं, शेजारणीचं, कडेचं दोघींचं. डागावर येऊन बोट थांबलं.

"हा कोनाचा?"

"आमचा, काकी."

तिने पातेलं थेंबाखाली नीट सरकवलं. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि पाय पसरत म्हणाली, "बरा झाला. तेवढा तरी तुमचा हाय."